फक्त वैयक्तिक फाइली

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला मधेच थांबवून "जाऊ दे गं, होतं असं" म्हणू शकत नाही. ते "जाऊ दे गं" मला ऐकायचंच नाहीये.

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. ठाण्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि मुलं पाठीमागे मला प्रेशर कुकर म्हणतात. म्हणेनात का! हे लिहायला बसले तेव्हाही डोकं तापलेलंच आहे. कुणावर? आप्पांवर — आहेच. शिरीषवर आहे. आमच्या कुळाच्या त्या मंडळावर आहे. आणि... थांबा. असं वेडंवाकडं सांगितलं तर कळणार नाही. क्रमाने सांगते.

आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही दोघंच राहायचो, डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. माझं लग्न चौदा महिने टिकलं. एक बॅग घेऊन कल्याणहून घरी परत आले, ती कायमचीच. पुढे आई गेली. धाकटा भाऊ शिरीष ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेला. मग राहिलो आम्ही दोघं.

आप्पांची सगळी नोकरी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात गेली. रिटायर झाले आणि त्यांनी कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं. तुमच्या घरात एखादा निवृत्त काका असेल तर तुम्हाला माहीत असेलच — आपल्या कुळातली सगळी घराणी हुडकायची, कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको कुठली, कोण काय शिकलं, सगळं गोळा करून जाडजूड पुस्तक छापायचं. चौदा वर्षं केलं त्यांनी ते. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील फॉर्म आणि पाण्याची बाटली, की निघाले. टिटवाळ्याला त्यांची एक लांबची आत्या होती, बयोआत्या. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण चार पिढ्यांच्या सुनांची माहेरची नावं तिला तोंडपाठ. आप्पा तिच्याकडे अकरा वेळा गेले. बाईला दमवायचं नाही म्हणून एका वेळी थोडंच विचारायचे. अकराव्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत आत्या गेली, आणि तिला ठाऊक असलेली ती सगळी नावं आता फक्त आप्पांच्या कॉम्प्युटरवर उरली होती.

तो कॉम्प्युटर शिरीषने घेऊन दिलेला. हे वाक्य आमच्या घरात आल्यागेल्यासमोर इतक्या वेळा म्हटलं जायचं की मला त्याची शिसारी आलेली. बिघडला की मी दुरुस्त करायची, व्हायरस आला की मी निस्तरायची, की-बोर्डमधला चिवडा मी झटकायची — पण घेऊन कुणी दिला? शिरीषने!

त्यावर मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम होता. सीडीवरून टाकलेला, आणि सोबत पेनड्राइव्हसारखी एक छोटी किल्ली यायची, ती मशीनच्या मागे खोचायची. नाही खोचली तर टायपिंग बंद. त्याचा फॉन्टही त्याचा स्वतःचा. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो आणि ते कुठेही दिसतं, तसं त्याचं नव्हतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथेच मराठी दिसणार. नसेल तिथे तीच फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, पानंच्या पानं. फाइलला काही झालेलं नसतं. फक्त वाचता येत नाही. हे तेवढं लक्षात ठेवा.

आणि कागदावरचं काही शिल्लक नव्हतं. टाइप झालेले फॉर्म रद्दीत द्यायचे, हा माझाच हट्ट. दोन खोल्यांच्या घरात ते गठ्ठे कुठे ठेवायचे, मी का रोज त्यावरची धूळ पुसायची, असं मीच ओरडायची. आप्पा मुकाट्याने द्यायचे. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही म्हणून मंडळालाही त्यांनी एक पान पाठवलेलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी त्या मशीनने मान टाकायला घेतली. जुनी विंडोज, रोज इशारे यायचे, बँकेची साइट उघडेना. आधी आम्ही नरेशला बोलावलं. नरेश इथल्या मूळच्या आगरी घरातला, चाळिशीचा, कोपर स्टेशनजवळ त्याचं रिपेअरिंगचं दुकान. आप्पांना काका म्हणायचा, आप्पाही त्याला अरे-तुरे करून चहा पाजायचे. त्याने नवीन डिस्क बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं घेतलं, मशीन चालू करून आप्पांना त्यांची फाइल उघडून दाखवली. जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, ती भंगारात गेली. नवी विंडोजही टाकून देतो म्हणाला. आप्पा म्हणाले, "ते आमची वैशू करेल. तिचा विषय आहे."

माझा विषय! पुढल्या शनिवारी दुपारी आप्पा वामकुक्षी घेत होते, तेव्हा मी बसले. आधी बॅकअप, मग बटण, हे मी वर्गात ओरडून ओरडून शिकवते. तसाच पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला. नीट आलाय का बघावं म्हणून मोठी फाइल उघडली. चारशेच्या वर पानं. आपलं घर कुठे आहे ते शोधलं — तुम्ही नसतं शोधलं?

शिरीषवर दीड पान होतं. शिक्षण, कंपनी, हुद्दा, ठाण्यातला फ्लॅट, परदेशवाऱ्या. बॅडमिंटन उत्तम खेळतो, हेसुद्धा होतं. त्याच्या बायकोचं माहेर, तिचं शिक्षण, त्यांच्या मुलाला दहावीत मिळालेलं बक्षीस. आणि मग माझी ओळ. अख्खी एक ओळ.

"कन्या वैशाली : विवाहित, नंतर माहेरी."

नंतर माहेरी. मी ती चार-पाच वेळा वाचली. आईच्या शेवटच्या आजारपणात डायपर बदलणारी मी. आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना आंघोळ घालणारी मी. बिलं, दूध, औषधं, सोसायटीच्या मीटिंगा, सगळं मी. आणि माझं पुस्तकात काय? तर नंतर माहेरी! नोकरी करते, हे तरी? शिक्षिका आहे, एवढे दोन शब्द तरी? मुलींना एकच ओळ असा मंडळाचा नियम होता, हे मला नंतर कळलं. पण नियम होता तर होता! बाप होते ना ते माझे? आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा पारा चढलाय. खोटं कशाला सांगू.

त्याच पाऱ्यात मी विंडोज टाकायला घेतली. मधे ती एक पाटी येते — काय ठेवायचं? फाइली आणि प्रोग्राम दोन्ही, फक्त वैयक्तिक फाइली, की काहीच नको. पहिला पर्याय आमच्या मशीनवर फिका पडलेला, दाबला जात नव्हता. मी दुसरा दाबला. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की प्रोग्राम काढून टाकले जातील. मराठीचा प्रोग्राम जाणार, फॉन्टही जाणार, हे मला कळलं होतं का? कळलं होतं. विषयच आहे ना माझा! पण तोवर काही वाईट नव्हतं मनात. सीडी ड्रॉवरमध्ये होती, किल्ली मशीनच्या मागे. दहा मिनिटांत परत टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. बघू उद्या, म्हटलं, आणि तोंड धुऊन भाजी आणायला गेले.

रविवारी सकाळी चहा घेऊन आप्पा मशीनसमोर बसले. मी ओट्याशी. मग त्यांनी हाक मारली. तशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

स्क्रीनवर चिन्हांचा चिखल. आप्पा माउसचं चाक फिरवत होते, खाली, आणखी खाली, कुठेतरी एखादं मराठी अक्षर सापडेल म्हणून. "वैशू, हे काय झालं गं?"

आता येतंय ते. इथे मी किती वेळा थांबलेय, किती वेळा मनात दुसरंच उत्तर देऊन पाहिलंय. खरं उत्तर एवढंसं होतं — फॉन्ट गेलाय आप्पा, थांबा, टाकते. मी हात पुसले, स्क्रीनकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "फाइल खराब झाली, आप्पा. गेली ती."

का? तर म्हटलं, एक दिवस कळू दे. आपलं सगळं कुणीतरी एका झटक्यात पुसलं की कसं वाटतं, एक दिवस समजू दे यांना. एकच दिवस! संध्याकाळी जादू केल्यासारखी फाइल परत आणून देणार होते मी. मला तेव्हा गोड वाटलं, हेही सांगून टाकते. त्यांचा चेहरा पाहून आतून बरं वाटलं. असलं बरं वाटणारी मुलगी आहे मी.

पण आप्पांनी संध्याकाळची वाट बघितलीच नाही. चहा तसाच टाकून, घरातल्याच कपड्यांवर, पेनड्राइव्ह मुठीत धरून ते नरेशच्या दुकानाकडे निघाले. मी मागे धावले. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस भर रस्त्यात ओरडत होता — "तूच डिस्क बदललीस! तूच घालवलंस माझं काम!" गिऱ्हाइकं बघत होती. नरेशने पेनड्राइव्ह लावला. त्याच्याकडेही तोच चिखल दिसणार, फॉन्ट कुठून असणार तिथे? तो बिचारा डोकं खाजवत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, फॉन्टचा लोचा नाय ना?"

त्याने बरोबर ओळखलं होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते, तो बघत होता, आणि मी — कॉम्प्युटरची टीचर — म्हटलं, "नाही. मी बघितलं. फॉन्टचं नाहीये. डिस्क बदलल्यापासूनच झालंय हे."

टीचर म्हटल्यावर काय बोलणार तो? डिस्कचे आणि मजुरीचे पैसे परत देऊ लागला. आप्पांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पैसे काय करू रे? बयोआत्या परत देतोस का?"

घरी येऊन मी काय केलं असेल? सीडी ड्रॉवरमधून काढली, ती किल्ली मशीनच्या मागून उपसली, दोन्ही रुमालात गुंडाळून माझ्या कपाटात साड्यांच्या मागे घातली. म्हणजे आता राग उतरला होता, आणि तरीही. आता सांगितलं असतं तर दुकानातलं खोटं उघडं पडलं असतं ना! सोमवारी सांगू म्हटलं. मग गणपती झाल्यावर. मग दिवाळी झाल्यावर. भित्रट माणूस सणावारांच्या आड बरोबर लपतो.

आप्पा पंधरा दिवस नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. कॉम्प्युटरला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. म्हणाले, पहिल्यापासून लिहितो. त्या वयात! टिटवाळ्याला जाऊन आले. बयोआत्याच्या घराच्या जागी नवीन बिल्डिंग उभी राहत होती आणि शेजारचं कुणी ओळखीचं उरलं नव्हतं. येऊन शूज न काढताच खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. कपाट तीन पावलांवर होतं.

आणि मग एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं. वही उघडी, पहिलंच पान. म्हणाले, "सुरुवात आपल्या घरापासून करतो. वैशू, तुझं काय लिहू सांग."

मी चिडून म्हटलं, "होतं तेच लिहा."

आप्पा म्हणाले, "होतं ते बरोबर नव्हतं. एका ओळीत संपवलं होतं मी तुला. मंडळाचा नियम होता, पण मी भांडायला हवं होतं. चुकलंच माझं. फाइल गेली तेव्हा आधी वाटलं सगळं गेलं. मग वाटलं, ती ओळ गेली ते बरं झालं."

सांगा आता. माझा पंचाहत्तरीला टेकलेला बाप माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल करतोय, सरळ, काही आडपडदा न ठेवता. यापेक्षा सोपी वेळ कुठली मिळणार होती मला? मी उठले आणि कुकर लावला.

त्यांनी माझ्यावर साडेतीन पानं लिहिली. आठ-दहा दिवस लागले. कल्याणहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नोकरी शोधायला बाहेर पडले, हे त्यांना आठवत होतं. आईला मी कसं भरवायची ते होतं. शाळेचं नाव, माझ्या हाताखालून गेलेली मुलं. मला वाटायचं यांचं लक्षच नसतं. झाल्यावर त्यांनी ती पानं मला मोठ्याने वाचून दाखवली. त्यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवतेय. ते सांगायला अजून धीर होत नाही.

वही तीसेक पानांच्या पुढे गेली नाही. नावंच आठवेनात. विचारायला माणसं उरली नव्हती. फोन करायचे, समोरून कुणाचा तरी नातू म्हणायचा, आजोबा गेले. अडीच वर्षांनी आप्पाही गेले. शेवटच्या महिन्यात झोपेतही माहेरची नावं जुळवत होते — अमकी तमक्यांची, नाही नाही, ती दुसऱ्यांची. मी उशाशी बसून ऐकत होते. तेव्हा तरी? नाही. तेव्हाही नाही.

दहाव्याला नरेश आला. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही. म्हणाला, "ताई, काकांचं काम माझ्याच हातून गेलं. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांच्या मशीनला मी हात लावत नाय. भीती वाटते." मी त्याला आत बोलावलं. चहा दिला. तो खाली मान घालून प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. एवढंच. मी एवढंच केलं.

तेराव्यानंतर शिरीष ठाण्याला परतला त्या दुपारी मी कपाट उघडलं. सीडी, किल्ली. प्रोग्राम नव्या विंडोजवर जरा कुरकुरला, पण चालला. दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं तिथेच होतं. चारशे पानं, कानामात्रेसकट. बयोआत्याच्या चार पिढ्या. आणि "नंतर माहेरी" हेही तिथेच.

मंडळाला मी ती फाइल अजून दिलेली नाही. दिली तर कुठून मिळाली म्हणून विचारतील. नरेशचं दुकान अजून तिथेच आहे. मी रोज त्याच्यावरून जाते. तो ताई म्हणून हाक मारतो, मी मान हलवते. सात वर्षं मान हलवतेय! इतकी लाज वाटते, इतका संताप येतो स्वतःचा की वर्गात कुणा पोरावर जाऊन फुटतो. त्या पोराची काय चूक? काही नाही. राग काढायला जवळचं माणूस शोधायचं, ही माझी सवय आप्पांपासून सुरू झाली आणि अजून गेलेली नाही.

वही माझ्याकडे आहे. त्या साडेतीन पानांचं शेवटचं वाक्य मागे ठेवलं होतं. मी सहा-सात वर्षांची असताना माझ्या हातून दुधाचं पातेलं उपडं झालं. आईने विचारलं, तेव्हा मांजर समोरच बसलेलं असूनही मी त्याच्यावर ढकललं नाही, मी सांडलं म्हणाले. आप्पांनी ते लिहिलंय, आणि खाली लिहिलंय — "खोटं बोलणं वैशालीला कधी जमलं नाही."

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरोबर लिहिलंय ना गं?"

मी म्हटलं, "बरोबर आहे, आप्पा."